भिंतीचा आधार : पाठ व पाय यांच्या व्यायामाचा एक दुर्लक्षित इतिहास (स्टॉकहोम ते पुणे)

बीजसंज्ञा : भिंतीवरील व्यायाम, स्वीडिश जिम्नॅस्टिक्स, तालीम, अय्यंगार योग, भौतिकोपचार, दुर्बल शरीर

प्रस्तावना

अनेक जुन्या महाविद्यालयांच्या जिमखान्यात एका भिंतीला लागून लाकडाच्या आडव्या दांड्यांची शिडी पक्की बसविलेली आढळते. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ‘वॉल बार्स’. विद्यार्थी तिला नुसते ‘शिडी’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत अशा एका शिडीचा उपयोग खेळाडूंचे ओले टॉवेल वाळत घालण्यासाठी होताना पाहिला आहे. ‘ही शिडी वर कोठे जाते?’ असा प्रश्न एका वर्गमित्राने विचारला तेव्हा हशा पिकला होता. तथापि प्रश्न अगदीच निरर्थक नव्हता. जी कोठेच जात नाही अशी शिडी भिंतीवर का बसवावी, आणि ती इतक्या दूरवरून आपल्या जिमखान्यात कशी पोहोचली, हा इतिहासाचाच प्रश्न होय.

पुढे अनेक वर्षांनी लेखकाच्या आईस गुडघ्यांचा विकार जडला. तेव्हा भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी तिला घरातल्या भिंतीला पाठ लावून, पाय थोडे पुढे ठेवून, अर्धवट बसण्याचा व्यायाम सांगितला. ना यंत्र, ना वजन, ना खर्च. स्वतःचे शरीर आणि घरची भिंत एवढेच साहित्य. जिमखान्यातील ती शिडी आणि स्वयंपाकघराशेजारची ही भिंत या दोहोंमध्ये काही नाते असावे, या जाणिवेतून प्रस्तुत लेखनाची प्रेरणा मिळाली.

महाराष्ट्रातील व्यायामाचा इतिहास बहुधा बलोपासनेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. आखाडे, मल्ल, क्रांतिकारकांच्या तालमी, राष्ट्रीय शिक्षण ही त्याची परिचित प्रकरणे आहेत. ती महत्त्वाची आहेतच. परंतु या इतिहासाचा नायक नेहमी सबळ वा सबळ होऊ पाहणारा तरुण पुरुष असतो. आजारातून उठलेला रुग्ण, पाठदुखीने त्रस्त कारकून, बाळंतपणानंतर अशक्त झालेली स्त्री, साठी ओलांडलेला गृहस्थ यांना त्यात स्थान नाही. भिंतीच्या आधाराने करावयाच्या व्यायामांचा मागोवा घेतल्यास नेमकी हीच माणसे पुढे येतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

(१) स्वशरीराच्या वजनाने पाठ व पाय बळकट करण्याच्या व्यायामात भिंत हे साधन म्हणून कसे आले, हे पाहणे. (२) स्वीडनमधील जिम्नॅस्टिक्स आणि पुण्यातील योगशिक्षण या दोन परंपरांतील भिंतीचे स्थान तुलनेने तपासणे. (३) या साधनामुळे व्यायामाचा अधिकारी कोण, या कल्पनेत कोणता पालट झाला, याचा विचार करणे. एका परंपरेने दुसरीपासून भिंत उसनी घेतली असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. दोन भिन्न वाटांनी दोन परंपरा एकाच साधनापाशी का पोहोचल्या, हा प्रश्न अधिक उद्बोधक वाटतो.

१. तालमीची जमीन

भिंतीकडे वळण्यापूर्वी आपल्याकडील परंपरेचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी मुलखातील तालमीचे मुख्य साधन जमीन होते. जोर काढताना हात जमिनीवर टेकतात आणि सर्व शरीर कमानीसारखे खाली-वर होते. त्यात छाती, खांदे व पाठ यांना श्रम पडतात. बैठकांत सर्व भार मांड्या व पोटऱ्या यांवर येतो. दोन्ही एकत्र केल्या की सपाट्या होतात. या व्यायामास खर्च जवळजवळ नाही. या दृष्टीने पाहता स्वशरीराच्या वजनाने व्यायाम करण्याची कल्पना आपणास बाहेरून शिकावी लागली नाही.

मल्लखांबात जमिनीऐवजी खांब येतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस नवे रूप दिले, असे परंपरा मानते. खांबावर चढणे, त्यास मिठी मारणे, उलटे होणे या सर्वांत शरीराचे वजन शरीरानेच पेलावयाचे असते. खांब आधार देतो खरा, पण तो आधार मिळविण्यासाठी अगोदर पकड व ताकद असावी लागते. निसरड्या खांबावर दुर्बळाला थारा नाही.

तालमीचे मोजमाप संख्येने होई. शंभर जोर, दोनशे बैठका, मग पाचशे, अशी चढती गणना हेच प्रगतीचे लक्षण मानले जाई. ज्यास पहिली बैठकच पूर्ण करता येत नाही, त्याच्यासाठी या गणनेत शून्याखेरीज अंक नव्हता. तालमीचा दरवाजा बहुधा ठेंगणा असे. वाकूनच आत जावे लागे. हा विनय शिकविणारा दरवाजा स्त्रियांसाठी मात्र जवळजवळ बंदच होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चौकटीस काही ठिकाणी छेद गेला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे प्रथम यूजेन सँडो याच्या उपकरणांनी व्यायाम करीत असत. पुढे त्यांनी ती पद्धती सोडून सूर्यनमस्कारांचा पुरस्कार केला व संस्थानातील शाळांत ते सक्तीचे केले. सूर्यनमस्कारास उपकरण लागत नाही. साष्टांग पडण्याएवढी जागा पुरते. स्त्रिया, मुले व प्रौढ यांनीही तो करावा, हा त्यांचा आग्रह होता. व्यायाम तालमीतून घरात येण्याच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होय. तरी येथेही साधन जमीनच राहिले, आणि वाकून पुन्हा उठण्याची शक्ती गृहीत धरली गेली. ज्यास उठताना कोणाचा तरी हात लागतो, त्याचा प्रश्न शिल्लकच होता.

२. स्टॉकहोमची भिंत

हा शिल्लक प्रश्न युरोपच्या उत्तरेकडील एका देशात निराळ्या संदर्भात पुढे आला. स्वीडनने १८०९ मध्ये रशियाशी झालेल्या युद्धात फिनलंड गमावला. राष्ट्र दुर्बल झाले, ही भावना तेथे सर्वत्र पसरली होती. या वातावरणात पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) या कवी व तलवारबाजी शिक्षकाने शरीरशिक्षणाचा विचार मांडला. कोपनहेगनमध्ये फ्रान्त्स नाख्तेगाल यांनी १७९९ मध्ये सुरू केलेल्या व्यायामशाळेशी त्यांचा परिचय झाला होता. १८०५ पासून ते लुंड येथील विद्यापीठात तलवारबाजी शिकवू लागले. नित्याच्या व्यायामाने आपली प्रकृती सुधारली, असा अनुभव त्यांना आला आणि त्यातूनच शरीरशास्त्राच्या अभ्यासाकडे ते वळले. १८१३ मध्ये राजाश्रयाने स्टॉकहोम येथे शाही मध्यवर्ती जिम्नॅस्टिक संस्था स्थापन झाली व लिंग तिचे पहिले प्रमुख झाले.

लिंग यांनी जिम्नॅस्टिक्सचे चार विभाग केले : शैक्षणिक, लष्करी, वैद्यकीय व सौंदर्यविषयक. यांतील तिसरा विभाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. रोग्यास व्यायाम द्यावयाचा, तर तो निरोग्याच्या व्यायामाचे लहान माप असून चालत नाही. त्यास स्वतंत्र शास्त्र लागते, हा विचार येथे पद्धतशीरपणे मांडला गेला. लिंग यांच्यानंतर लार्स गाब्रिएल ब्रांटिंग यांनी वैद्यकीय शाखा वाढविली, तर लिंग यांचे पुत्र यालमार लिंग यांनी शालेय व्यायामांची शिस्तबद्ध मांडणी केली.

भिंतीवरची शिडी ही याच परंपरेची निर्मिती. स्वीडिश भाषेत तिला ‘रिब्बस्टूल’ म्हणतात. तिची रचना साधी आहे : भिंतीशी समांतर, खालपासून वरपर्यंत आडव्या दांड्या. तिच्यावर चढून कोठे जावयाचे नसते. विद्यार्थी तिच्याकडे पाठ करून उभा राहतो, हात डोक्यावरून मागे नेऊन दांडी धरतो आणि छाती पुढे काढून पाठीची कमान करतो. किंवा तोंड भिंतीकडे करून दांडी धरतो व हळूहळू गुडघे वाकवून खाली बसतो. किंवा लोंबकळून पाय उचलतो. दांडी वर किंवा खाली धरली की श्रम कमी-जास्त होतात. म्हणजेच प्रत्येकास आपापल्या शक्तीप्रमाणे पायरी निवडता येते. त्या शिडीचे मर्म या ठिकाणी आहे. माणसाला उंच नेणे हे तिचे काम नसून व्यायामाची पातळी माणसाच्या पातळीवर आणून ठेवणे हे तिचे काम होय.

याच शहरात गुस्ताव झांडर (१८३५–१९२०) या वैद्याने वेगळा मार्ग अवलंबिला. त्यांनी व्यायामासाठी यंत्रे निर्माण केली आणि १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे आपली संस्था उघडली. ही यंत्रे युरोप-अमेरिकेतील आरोग्यधामांत जाऊन पोहोचली. ती कल्पक होती, परंतु महाग व अवजड होती, आणि त्यांच्याजवळ जाण्यास पैसा लागत असे. एकाच शहरात, एकाच पिढीच्या अंतराने, दुर्बल शरीरासाठी दोन उत्तरे पुढे आली : यंत्र आणि भिंत. यंत्राची कहाणी आजच्या चकचकीत ‘जिम’पर्यंत येते, आणि ती सर्वांस ठाऊक आहे. भिंतीची कहाणी मात्र शाळा व रुग्णालये यांच्या आडोशाला राहिली.

स्वीडिश पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य नमूद केले पाहिजे. स्टॉकहोमच्या संस्थेतून शिकलेल्या मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांची १८८१ मध्ये लंडनच्या शालेय मंडळाने मुलींच्या व्यायामाच्या देखरेखीसाठी नियुक्ती केली. १८८५ मध्ये त्यांनी स्त्री-व्यायामशिक्षकांसाठी स्वतःचे महाविद्यालय काढले. शरीरशिक्षण हा स्त्रियांचा व्यवसाय होऊ शकतो, ही गोष्ट इंग्लंडमध्ये या शाखेमुळे रूढ झाली. स्वीडनमध्ये १८८७ साली वैद्यकीय जिम्नॅस्टिक्स करणाऱ्यांची शासकीय नोंदणी सुरू झाली. आजच्या भौतिकोपचार शास्त्राचा एक मूळ प्रवाह तो हाच.

३. कवायतीची भिंत आणि लिंगियाड

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील शाळा व लष्कर यांत स्वीडिश पद्धतीचा प्रभाव वाढला. १९०९ च्या ब्रिटिश शालेय व्यायाम-अभ्यासक्रमात तो स्पष्ट दिसतो. ब्रिटिश अमलाखालील भारतात ही पद्धती प्रामुख्याने ‘ड्रिल’ किंवा कवायत या रूपाने आली. मूळ पद्धतीतील वैद्यकीय विभाग मागे राहिला आणि हुकूम, रांग व एकतालात हालचाल एवढा भाग पुढे आला. भिंतीवरची शिडी जेथे आली तेथे ती कवायतीचे एक उपकरण म्हणून आली. ती दुर्बलासाठी आहे, ही गोष्ट मागे पडली. जिमखान्यातील टॉवेलांची कथा खरे तर येथे सुरू होते. एखादे साधन त्याच्या विचाराशिवाय आले की ते फर्निचर होऊन बसते.

या कवायतीस उत्तर म्हणून महाराष्ट्रात देशी व्यायामाचा आग्रह धरला गेला. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्धीस आली. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. कुवलयानंदांनी योगासनांवर आधारित सांघिक व्यायामही रचला. आसनांना कवायतीची रांग मिळाली, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते.

इतिहासाची गंमत अशी की, विदर्भातील देशी व्यायाम अखेर लिंग यांच्याच नगरीत जाऊन पोहोचला. लिंग यांच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली म्हणून १९३९ मध्ये स्टॉकहोम येथे ‘लिंगियाड’ नावाचा जागतिक जिम्नॅस्टिक्स मेळावा भरला. दुसरा मेळावा १९४९ मध्ये भरला, आणि त्यात अमरावतीच्या मंडळाचा संघ सहभागी झाला. मंडळाच्या संघाने त्यापूर्वी १९३६ मध्ये बर्लिन येथेही ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. तालीम आणि स्वीडिश जिम्नॅस्टिक्स यांची ही भेट सबळ शरीरांची भेट होती. दुर्बल शरीर त्या मैदानावर नव्हते. त्याची भिंतीशी गाठ पुण्यात निराळ्याच मार्गाने पडावयाची होती.

४. बेळगाव ते पुणे : एका दुर्बल शरीराचा प्रवास

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १९१८ च्या डिसेंबरात कर्नाटकातील बेल्लूर या गावी झाला. ते वर्ष इन्फ्लुएंझाच्या साथीचे होते आणि त्यांच्या मातेस गर्भारपणी त्याच रोगाने ग्रासले होते. मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा विकारांनी त्यांचे बालपण गेले. १९३४ मध्ये ते म्हैसूर येथे आपल्या बहिणीचे यजमान, योगाचार्य टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे आले. कृष्णमाचार्य त्या काळी म्हैसूर नरेशांच्या आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवीत असत.

कृष्णमाचार्यांच्या शिष्यांचा उत्तर कर्नाटकात दौरा झाला तेव्हा काही स्त्रियांनी योग शिकण्याची इच्छा दर्शविली. शिष्यांत वयाने सर्वांत लहान म्हणून हे काम अय्यंगारांकडे आले. म्हणजे त्यांच्या अध्यापनाचा आरंभच तालमीच्या दरवाज्याबाहेर राहिलेल्या वर्गापासून झाला. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी हे योगशिक्षण पाहिले होते. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले व त्यांच्याच खटपटीने १९३७ मध्ये अय्यंगारांना डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी बोलाविण्यात आले. ते सहा महिने पुढे वाढत गेले आणि पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

येथे तपशील ध्यानात घेण्यासारखा आहे. अठराएक वर्षांचा, कृश देहाचा, मराठी न येणारा हा शिक्षक ज्या पुण्यात आला ते जोर-बैठकांचे पुणे होते. त्याच्यासमोरचे महाविद्यालयीन विद्यार्थी अंगाने त्याच्यापेक्षा भरलेले होते. बळाच्या बाबतीत त्याला त्यांना काही शिकविता येणार नव्हते. शिकविता येणार होती ती शरीराची अचूक मांडणी. पाऊल कोठे पडावे, गुडघा कोणत्या दिशेने असावा, पाठीचा कणा कोठून लांबवावा, या गोष्टी त्याने स्वतःच्या दुखऱ्या शरीरावर शिकल्या होत्या. बळापेक्षा अचूकतेवर भर देणारी पद्धती त्याच्या या परिस्थितीतून घडली, असे म्हणावयास जागा आहे.

अचूकता पाहावयाची तर मोजपट्टी लागते. भिंत ही ती मोजपट्टी होय. त्रिकोणासनात उभे राहताना टाच, नितंब व खांदा भिंतीस लागले पाहिजेत असे ठरविले की शरीर कोठे पुढे झुकते ते सांगण्यास आरसा नको, की शिक्षकही नको. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योग’ (योगदीपिका) या त्यांच्या ग्रंथात शीर्षासन शिकणाऱ्या नवशिक्यास भिंतीचा, विशेषतः दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्याचा आधार घेण्याचा सल्ला आहे. त्या ग्रंथातील छायाचित्रे मात्र बहुतांशी निराधार, पूर्णत्वास गेलेल्या आसनांची आहेत. आधाराचे शास्त्र ग्रंथात कमी आणि वर्गात अधिक विकसित झाले. रस्त्याकडेच्या विटा, घरातील खुर्ची, दोरी, भिंत अशा साध्या वस्तूंतून अय्यंगारांनी साधने घडविली.

१९७५ च्या जानेवारीत पुण्यात त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावे रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था सुरू झाली. तेथील सभागृहाच्या भिंतीत लोखंडी कड्या ठोकून त्यांत दोर अडकविण्यात आले. या प्रकारास त्यांनी ‘यौगिक कुरुंट’ असे नाव दिले. कुरुंट म्हणजे दोरीने नाचणारी बाहुली, असा त्याचा अर्थ ते सांगत. अधोमुख श्वानासन करताना मांड्यांच्या मुळाशी दोर आला की दोर शरीर मागे ओढतो, हातांवरील भार कमी होतो व कणा सहज लांबतो. पाठदुखीच्या रुग्णास जी लांबण स्वतःच्या बळाने साधत नाही, ती येथे भिंतीच्या साहाय्याने साधते. दोरांचा आधार घेऊन करावयाची आसने म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) यांच्या नावे असलेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथातही आढळतात. म्हणजे दोर जुना होता. तो भिंतीत बांधून आजाऱ्यास उपलब्ध करून देणे, हे पुण्यात घडले.

स्टॉकहोमची शिडी आणि पुण्याच्या कड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर साम्य सहज दिसते. दोन्हींत भिंत स्थिर असते व शरीर तिच्याशी कोन साधते. दोन्हींत श्रमाची पायरी निवडता येते. आणि दोन्हींच्या उगमाशी आजारातून सावरलेला एक शिक्षक आहे. भेदही तितकाच स्पष्ट आहे. स्वीडिश पद्धतीत भिंत आज्ञेचे व्यायाम सुलभ करते. विद्यार्थी हुकुमाबरोबर हलतो. पुण्याच्या पद्धतीत विद्यार्थी भिंतीपाशी थांबतो व तिच्या स्पर्शातून स्वतःचे शरीर जाणून घेतो. एकीत भिंत सहकारी आहे, दुसरीत ती गुरू आहे.

५. रुग्णालयातील भिंत

तिसरा प्रवाह वैद्यकाचा. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलिओने मुंबईत अनेक मुलांचे पाय निकामी केले. अशा मुलांना पुन्हा उभे करण्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ हवे होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईतील केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. भारतातील या शास्त्राच्या औपचारिक शिक्षणाचा तो आरंभ मानला जातो. भौतिकोपचार विभागांत भिंतीवरची शिडी पुन्हा दिसू लागली, आणि या वेळी ती आपल्या मूळ कामावर होती. ज्या मुलाला स्वतःच्या पायांचा भरवसा नाही, ते मूल दांडी धरून उभे राहते, गुडघे किंचित वाकविते, पुन्हा ताठ होते. जिमखान्यात विस्मृतीत गेलेला लिंग यांचा वैद्यकीय विभाग रुग्णालयाच्या दाराने परत आला.

याच सुमारास व्यायामशास्त्रात एक नवा विचार पुढे आला. १९५३ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड येथील श्रमशरीरक्रिया संस्थेत थिओडोर हेटिंगर व एरिख म्युलर यांनी, सांधा न हलविता स्नायू काही सेकंद ताणून धरल्यानेही बळ वाढते, असे दाखविले. त्यांनी सांगितलेला वाढीचा वेग पुढील संशोधकांना अतिशयोक्त वाटला, परंतु मूळ तत्त्व टिकले. भिंतीस पाठ लावून अर्धवट बसून राहण्याचा व्यायाम याच तत्त्वाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात २७० चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५,८२७ व्यक्तींची माहिती तपासली गेली. विश्रांतीच्या अवस्थेतील रक्तदाब कमी करण्यात अशा स्थिर व्यायामांचा परिणाम इतर प्रकारांहून अधिक आढळला. शंभर बैठका मोजणाऱ्या परंपरेसमोर, एकही बैठक न मारता दोन मिनिटे स्थिर राहणाऱ्याची ही उशिराची पावती म्हटली पाहिजे.

६. भिंत नेमके काय करते?

येथे एक शास्त्रीय तपशील सांगणे अस्थानी होणार नाही. भिंतीस टेकून बसल्यासारखे उभे राहिलेल्या माणसाचा भार भिंत उचलते, असा सामान्य समज आहे. वस्तुतः भिंत मुख्यतः आडवा प्रतिदाब देते. पाऊल पुढे व धड मागे असल्यामुळे माणूस मागे पडावयास हवा. ते पडणे भिंत रोखते. घर्षणाने थोडा भार भिंतीवर जातो हे खरे, परंतु वजनाचा बहुतांश भार पायांवरच राहतो. म्हणूनच मांडीचे पुढील स्नायू काही क्षणांत थरथरू लागतात. गुडघे जितके अधिक वाकवावेत तितके श्रम वाढतात. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने वरच्या वर थांबावे, श्वास रोखून धरू नये, हे सांगण्याची गरज म्हणूनच पडते.

हा तपशील केवळ भौतिकशास्त्राचा नाही. भिंत श्रम कमी करीत नाही, ती पडण्याचे भय कमी करते. दुर्बल माणसास व्यायामापासून दूर ठेवणारी गोष्ट पुष्कळदा अशक्ती नसून भय असते. भय दूर झाले की तो स्वतःचे वजन स्वतःच्याच पायांवर पेलू लागतो. आधार म्हणजे परावलंबन, या रूढ समजुतीस भिंतीचा इतिहास असे उत्तर देतो. बलोपासनेच्या परंपरेत आधार घेणे कमीपणाचे मानले गेले. त्यामुळे ज्यांना आधाराची गरज होती ते आपोआपच व्यायामाच्या, आणि पुढे व्यायामाच्या इतिहासाच्याही बाहेर राहिले.

निष्कर्ष

(१) स्वशरीराच्या वजनाने पाठ व पाय बळकट करण्याची परंपरा महाराष्ट्रात जोर, बैठका व सूर्यनमस्कार यांच्या रूपाने दृढ होती. तथापि तिचे साधन जमीन असल्याने किमान शक्ती ही तिची पूर्वअट राहिली.

(२) स्वीडनमध्ये १८१३ नंतर विकसित झालेल्या जिम्नॅस्टिक्समध्ये भिंतीवरच्या शिडीने श्रमाची पातळी व्यक्तीनुसार बदलण्याची सोय केली. भारतात ही पद्धती कवायतीच्या रूपाने आल्यामुळे तिचा वैद्यकीय आशय मागे पडला व तो पुढे भौतिकोपचाराच्या मार्गाने परतला.

(३) पुण्यात बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी भिंतीस मोजपट्टी व गुरू यांचे स्थान दिले. एका रुग्ण मुलाच्या स्वानुभवातून उगम पावलेली ही पद्धती पुढे जगभर गेली.

(४) व्यायामाचा इतिहास केवळ बलवंतांच्या पराक्रमांवरून लिहिल्यास समाजाचा मोठा भाग त्यातून वगळला जातो. साधनांच्या इतिहासाकडे वळल्यास ही उणीव काही अंशी भरून निघू शकते.

समारोप

लेखकाच्या आईने भिंतीवर पेन्सिलीने एक बारीक खूण केली होती. पहिल्या दिवशी तिची पाठ जेथवर घसरली तेथे ती खूण होती. काही आठवड्यांनी दुसरी खूण तिच्या चार बोटे खाली उमटली. त्या दोन खुणांमधील अंतर कोणत्याही क्रीडास्पर्धेच्या नोंदवहीत जाणार नाही. परंतु ज्या इतिहासास ते अंतर मोजता येत नाही, तो शरीराचा इतिहास अपुराच म्हणावा लागेल. जिमखान्यातील शिडीवरचे टॉवेल काढून, ती कोणासाठी होती हे विद्यार्थ्यांना सांगणे, ही त्या अपुरेपणाची लहानशी भरपाई ठरावी.